डाव्या हाताची खुर्ची

भातातला खडा रेवाच्या दाताखाली आला, आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"मावशी!" रेवा गाल धरून म्हणाली. "तुझ्या हातच्या भातात खडा?"

आता भातात खडा निघणं ही काही बातमी नव्हे, असं तुम्ही म्हणाल. पण कऱ्हाडच्या सोमवार पेठेत ज्यांना या दोघी बहिणी ठाऊक होत्या, त्यांच्या लेखी ही बातमीच होती. यंत्राने निवडलेला तांदूळ दुकानात मिळायला लागून जमाना झाला होता. तांदूळ निवडतात म्हणजे नक्की काय करतात, हे नव्या पोरांना करून दाखवावं लागे. या दोघी मात्र हटून बसल्या होत्या. पाटणकडच्या ओळखीच्या घरून हातसडीचा तांदूळ यायचा आणि रोज दुपारी चहाच्या आधी, मागच्या पडवीत बसून दोघी तो निवडायच्या. एका आरामखुर्चीत सुचेता कणसे, भूगोलाची निवृत्त शिक्षिका, लग्नाच्या फंदात कधी न पडलेली. तिच्या डाव्या हाताला वेताच्या खुर्चीत थोरली बहीण मृदुला, म्हणजे अक्का. नवरा गेल्यावर अक्का धाकटीकडे राहायला आली ती आलीच. रेवा ही अक्काची एकुलती एक मुलगी. ती पुण्यात नोकरीला होती आणि महिन्यातून एकदा येऊन दोघींची भांडणं सोडवून जायची.

कारण भांडणं रोजची. त्यांचा लहानपणापासूनचा एक नेमच होता. भांडण झालं की अबोला धरायचा, आणि अबोल्यात जी आधी मान वळवून दुसरीच्या तोंडाकडे बघेल ती हरली. हरणारीने चहा टाकायचा. साठी उलटली तरी हा पोरखेळ चालूच होता, आणि गंमत म्हणजे दोघी तो अगदी इमानाने खेळायच्या.

खडा निघाल्यावर दुसऱ्या दिवशी अक्काने सुचेताने निवडलेलं ताट ओढून घेतलं आणि पुन्हा तपासलं. उजव्या अंगाला एकही खडा नव्हता. होते ते सगळे डाव्या काठाला, भाताच्या तुसांसकट.

"सुचे, तुला डावीकडचं दिसत नाही," अक्का म्हणाली.

"काहीतरीच काय! तू दिसतेयस की मला."

"मी हलतेय म्हणून दिसतेय. ऊठ, दवाखान्यात चल."

डॉक्टर निलोफर तांबोळींनी तपासलं आणि खुर्ची जवळ ओढून घेतली. "ताई, काचबिंदू आहे. डाव्या डोळ्यात बराच पुढे गेलाय, उजव्यात सुरुवात आहे."

"पण डॉक्टर, मला कुठे काळं दिसत नाही, अंधार दिसत नाही. सगळं चित्र पुरं दिसतंय."

"तेच तर या रोगाचं कसब आहे. डोळ्यातून नस जिथे बाहेर पडते तिथे प्रत्येकाच्याच नजरेत एक भोक असतं. माझ्याही आहे. मला दिसतं का ते? नाही. मेंदू आजूबाजूचं बघून ते भरून काढतो, भिंत असेल तर भिंत, आभाळ असेल तर आभाळ. काचबिंदूत ती भोकं वाढत जातात आणि मेंदू बिचारा ठिगळं लावत राहतो. तुमच्या ताटात डावीकडे मेंदूने तांदूळ भरले. खडे भरले नाहीत, कारण खडा हा नेहमीचा नसतो."

मग डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. "डोळ्यातला दाब तसा फार नाही, तरी नस इतकी का सुकली? बीपीची गोळी कधी घेता?"

"रात्री जेवल्यावर, दुधाबरोबर," अक्काने परस्पर उत्तर दिलं. "आम्ही दोघी बरोबरच घेतो. मीच देते तिच्या हातात, नाहीतर ही धांदरट विसरते."

"हं. तुमच्या पेठेत नळाला पाणी कसं येतं?"

"कसलं येतंय! खालच्यांना धो धो, वरच्या मजल्यावर टिपूस नाही," अक्का म्हणाली.

"डोळा हा वरचा मजला समजा. त्यात आधीच दाब असतो, आणि रक्ताला त्या दाबावर मात करून आत शिरावं लागतं. रक्ताच्या दाबातून डोळ्याचा दाब वजा करा, जे उरतं त्यावर ती नस जगते. झोपेत सगळ्यांचाच रक्तदाब उतरतो. तुम्ही गोळीही रात्रीच घेतलीत की तो आणखी उतरतो. खाली हातापायांना पुरतं, वर नसेला टिपूस मिळत नाही. रोज झोपेत थोडी उपाशी राहते आणि रोज थोडी मरते. बीपी चढलेलं वाईट, तसं फार उतरलेलंही वाईट. तुमच्यासाठी गोळी आजपासून सकाळी. आणि मनाने काही बदल करायचा नाही."

गेलेली नजर परत येणार नव्हती. पण त्या वर्षी 'पूर्णिका' नावाचं नवं यंत्र बाजारात आलं होतं, आणि डॉक्टरांनी ते सुचवलं. यंत्र म्हणजे बटणाएवढी चकती, डोक्याच्या मागे अंबाड्याखाली चिकटवायची. नजरेचं केंद्र मेंदूत तिथेच असतं. मेंदू भोकं भरताना जो अंदाज बांधतो, तो ही चकती पकडायची, साठवायची आणि ठळक करून परत मेंदूला द्यायची. पहिले काही आठवडे ती घर शिकायची. दार कुठे, कपाट कुठे, पायरी कुठे. त्यानंतर मेलेल्या नजरेच्या जागी माणसाला आपलं घर लख्ख दिसायचं. दारांवर आपटणं बंद, पायऱ्या चुकणं बंद.

"पण एक पथ्य आहे," चकती बसवायला आलेली कंपनीची मुलगी म्हणाली. "ही नेहमीचं दाखवते. नवं काही घडलं तर तिला कळत नाही. म्हणून दिवसातून एकदा मान पूर्ण वळवून, जिवंत नजरेने सगळीकडे बघायचं. आम्ही त्याला उजळणी म्हणतो. एकदा बघून ती शिकत नाही हं, अपवाद समजते. रोज बघितलं की शिकते."

जन्मभर पोरांकडून नद्यांची उजळणी करून घेतलेल्या बाईंना हा शब्द फार आवडला. उजळणी मात्र त्यांनी आठवडाभर केली आणि सोडून दिली. मास्तरणींचा स्वतःचा अभ्यास नेहमी असाच असतो.

चकती घर शिकली तेव्हा थंडी होती. अक्का तिची विटकी हिरवी शाल पांघरून वेताच्या खुर्चीत बसायची, मांडीवर ताट, खाली मान, आणि बोटं चालू. तिचं बसणं इतकं नेमाचं होतं की यंत्राच्या लेखी भिंतीवरचं घड्याळ आणि अक्का यांत काही फरक नव्हता. डाव्या काठाचे खडे अजूनही दिसत नव्हतेच, म्हणून दोघींनी तोड काढली. अर्धं ताट झालं की अदलाबदल करायची. सुचेता न बघता ताट डावीकडे धरायची, अक्का ते घ्यायची आणि आपलं द्यायची. भातातले खडे बंद झाले.

उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी दोघींची गोळीवरून जुंपली. सुचेताचं म्हणणं, अक्कानेही गोळी सकाळीच घ्यावी. अक्का म्हणाली, "डोळे तुझे बिघडलेत, माझे नाहीत. मला शिकवू नकोस. तुझी वेणी घालून तुला शाळेत सोडलंय मी." शब्दाने शब्द वाढला आणि अबोला सुरू झाला.

दुपारी दोघी आपापल्या खुर्चीत येऊन बसल्या. सुचेताने मान ताठ समोर धरली होती. आज काही झालं तरी वळायचं नाही, चहा थोरलीच टाकील. डोळ्याच्या कडेला अक्का खाली मान घालून निवडत होती. तिच्या बांगड्या वाजत नव्हत्या. रागात असली की ती बांगड्या कोपरापर्यंत सारून बसायची, त्यातलंच असेल. अर्धं ताट झालं तशी सुचेताने ते डावीकडे धरलं. कुणी घेतलं नाही. अक्काची बोटं आपली चालूच.

"बरं बाई, राहू दे," सुचेता समोर बघत म्हणाली आणि ताट परत मांडीवर घेतलं.

चहाची वेळ झाली आणि टळली. ऊन पायरीवरून खाली उतरलं. सुचेताला तलफ आली होती आणि हसूही येत होतं, म्हातारी आज भलतीच पेटली होती. शेवटी ती मोठ्याने, जणू हवेला सांगावं तशी म्हणाली, "काही जणींना वाटतं आपण थोरल्या आहोत म्हणून चहा दुसऱ्यानेच टाकावा." अक्का निवडत राहिली.

शेजारची वनिता विरजण मागायला वाटी घेऊन मागच्या दाराने आली. तिच्या हातातली वाटी खाली पडली.

"अहो ताई! अहो, अक्कांना काय झालं? अहो, बघताय काय समोर? इकडे बघा!"

सुचेताने मान वळवली. वेताच्या खुर्चीत अक्का एका अंगाला कलंडली होती. डोळे अर्धे उघडे. ताट मांडीवर कलंडलं होतं आणि तांदूळ ओघळून पायरीपर्यंत पसरले होते. सुचेताने हात धरला, तो गार होता. घाबरून ती वनिताकडे वळली, आणि वळल्याबरोबर डोळ्याच्या कडेला अक्का पुन्हा ताठ बसली. मांडीवर ताट, खाली मान, बोटं चालू.

हृदय झोपेत थांबावं तसं थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. थांबून किती वेळ झाला होता, ते सुचेताने विचारलं नाही. कुणी आपणहून सांगितलंही नाही.

तेराव्यानंतर रेवा म्हणाली, "मावशी, तू पुण्याला चल." सुचेता नको म्हणाली. रेवाने फार आग्रह केला नाही. तिच्या मनात काही होतं ते तिने बोलून दाखवलं नाही, पण जाताना ती मावशीच्या नजरेला नजर न देता गेली, आणि तो बाण सुचेताच्या काळजात रुतून बसला.

त्या दुपारी ती एकटीच ताट घेऊन पडवीत बसली. डाव्या हाताला अक्का होती. बाहेर अंगाची लाही होत होती आणि अक्काने हिरवी शाल गुंडाळून घेतली होती. तिची सावलीही थंडीतल्या दुपारी पडते तशी लांब पडली होती. घाबरून सुचेताने वळून बघितलं. रिकामी खुर्ची. समोर बघितलं, अक्का आलीच.

ती उठून गेली नाही, हे सांगायला हवं. भीती वाटली, खूप वाटली, पण भीतीच्या खाली इतका आनंद होता की तिची तिलाच लाज वाटली. ती समोर बघत हळूच म्हणाली, "अक्का, मला माफ कर गं." आणि मग दुपारभर बोलत बसली. अक्का निवडताना बोलायची नाहीच, तेव्हा त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

आता उजळणी करणं म्हणजे अक्काला पुसणं होतं. ती डावीकडे बघेनाशी झाली. भाजीवाला डाव्या बाजूने आला तर उजवीकडून गरकन पूर्ण वळायची. पेठेत लोकांना वाटलं, बाईंची मान धरलीय. एवढं करूनही आषाढ संपता संपता अक्का विरायला लागली. जिवंत नजर कुठून तरी चोरून रिकामी खुर्ची बघत होती आणि चकतीला शिकवत होती. शालीतून मागची वेतं दिसू लागली.

मग एकदा तापाने फणफणून ती अंथरुणाला खिळली. जुनी सवय उचल खाते ती अशा वेळी. चार-पाच दिवस तिने गोळी रात्रीच दुधाबरोबर घेतली. उठून पडवीत आली तर अक्का घट्ट झाली होती. शालीचा एकेक धागा दिसत होता. आणि खुर्ची जरा जवळ सरकल्यासारखी वाटली.

भूगोल शिकवलेल्या बाईला वजाबाकी कळायला वेळ लागला नाही. झोपेत रक्तदाब उतरला की नस मरते. नस मेली की भोक वाढतं. भोक वाढलं की अक्काला जागा होते. तिला डॉक्टरांचा नळ आठवला, आणि तो नळ बंद करायची चावी आपल्याच हातात आहे हेही कळलं. दोन दिवस तिने मनाची घालमेल सोसली. तिसऱ्या दिवशी सकाळची गोळी डबीत तशीच राहिली, आणि रात्री तिने ती दुधाबरोबर घेतली. पुढे सुपारीच्या डब्यात अक्काच्या उरलेल्या गोळ्यांची पाकिटं सापडली. त्यातलीही एक ती जोडीला घेऊ लागली.

सकाळी उठताना डोकं गरगरायचं, भिंत धरून चालावं लागायचं. डॉक्टर तांबोळी तक्ता बघून चक्रावल्या. "ताई, उजवाही घसरतोय. गोळी सकाळीच घेता ना?"

"सकाळीच," सुचेता म्हणाली. जन्मात कधी पोरांना खोटं बोलू न दिलेली बाई, आणि तिची जीभ जराही अडखळली नाही.

दिवाळीपर्यंत अक्का खुर्ची सोडून उठली. म्हणजे उठताना कुणी पाहिली नाही, पण ती ओट्यापाशी दिसायची, देवघराच्या दारात दिसायची. जिथे जिथे ती नेमाने असायची तिथे तिथे. पडवीत तर ती इतकी जवळ आली की तिचे गुडघे सुचेताच्या ताटाला लागायचे. मग एके दिवशी तिचे हात सुचेताच्याच ताटात आले. बोटं भराभर निवडत होती आणि तांदळाचा एकही दाणा हलत नव्हता. वनिता कधी येऊन त्या खुर्चीत बसली, तर सुचेताला हिरव्या शालीतली अक्काच दिसायची, आणि तिच्या मिटल्या ओठांतून वनिताच्या सुनेच्या तक्रारी ऐकू यायच्या. पहिल्यांदा सुचेता खो खो हसली. नंतर त्यात हसण्यासारखं काही राहिलं नाही. एकच गोष्ट तिला सलायची. अक्का तिच्याकडे कधी बघायची नाही. यंत्र शिकलं तेव्हा ती निवडत होती, म्हणून ती निवडतच राहायची.

वर्षश्राद्धाला रेवा आली. घरात पाऊल टाकताच तिच्या लक्षात आलं की मावशी दारात तिच्याशी बोलताना तिच्या खांद्याच्या बाजूला बघतेय.

"मावशी, तुला किती दिसतं गं?"

"हवं तेवढं दिसतं."

"आईच्या काही वस्तू असतील तर बघू का? मला एखादी न्यायची आहे."

"बघ की. तुझ्याच आहेत."

सुचेता खिरीचे तांदूळ घेऊन पडवीत बसली. आतून कपाटं उघडल्याचे, डबे खाली ठेवल्याचे आवाज येत होते. मग ते थांबले. रेवाची पावलं पडवीत आली, वेताची खुर्ची करकरली.

"बस," सुचेता म्हणाली. "तुझ्या आईला खीर घोटलेली लागायची, नाही का? मी म्हणते, खिरीत तांदूळ दिसायला हवा. त्यावरूनही भांडायचो आम्ही."

उत्तर आलं नाही. डोळ्यांसमोर अक्का, हिरवी शाल, चालती बोटं.

"रेवा?"

काहीच नाही. सुचेता थोडं हसली. "तूही अबोला धरलास वाटतं? आईची लेक शोभतेस." आणि दोन-चार चिमटी तांदूळ निवडले. पडवीत आवाज नव्हता. अक्काची बोटं चालली होती आणि बांगड्या वाजत नव्हत्या.

ती शांतता सुचेताने ओळखली. याच खुर्चीत, याच वेळी, अगदी अशीच शांतता होती आणि आपण चहाची वाट बघत हसत होतो. रेवाला काही झालं असेल तर? ती आत्ता, इथे, हातभर अंतरावर कलंडलेली असेल तर? अक्का शांतपणे निवडत होती. यंत्राला खडा कळत नाही. बघायचं तर मान वळवून, उरलीसुरली नजर थेट खुर्चीवर रोखायला हवी. आता अक्का इतक्या जवळ होती की तिच्याच चेहऱ्यातून आरपार बघायला लागणार होतं.

आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण सुचेता थांबली. एक क्षण का होईना, तिने विचार केला, की रेवा दमून झोपली असेल, असू दे.

मग तिने मान वळवली.

अक्का विरली. गुडघे, हात, शाल, मग खाली घातलेली मान. तिच्या जागी रेवा बसली होती, ताठ, धडधाकट. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते न पुसता ती मावशीकडे बघत होती. तिच्या मांडीवर सुपारीचा डबा होता, आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं.

"मी मुद्दाम बोलले नाही," रेवा म्हणाली. "मला बघायचं होतं, तुला किती वेळ लागतो."

सुचेताने विचारलं, "किती लागला?"

रेवाने सांगितलं नाही.

"या आईच्या गोळ्या आहेत. तू घेतेस? दोन्ही? रात्री? मावशी, डॉक्टरांनी तुला नळ समजावून सांगितला होता, आईने मला फोनवर हसत हसत सांगितलं होतं. तू तुझे डोळे का मारतेयस?"

"ती दिसते गं मला," सुचेता म्हणाली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. "ती इथे बसते. मी तिला एकदा बघितलं नाही ना, म्हणून मला सारखी बघायची होती."

रेवा खुर्चीवरून उतरून खाली तिच्या पायाशी बसली आणि मावशीच्या मांडीत डोकं घातलं. ताटातले तांदूळ सांडले. कितीतरी वेळ कुणीच ते उचलले नाहीत.

श्राद्ध उरकल्यावर दोघी कंपनीच्या केंद्रात गेल्या. तिथल्या मुलीने चकती काढली, तशी सुचेताची डावी बाजू गेली. काळोख झाला नाही. तिथे जग नव्हतंच. डॉक्टर तांबोळींनी आधीच सांगितलं होतं, मेलं ते मेलं, पण गोळी सकाळी घेतलीत तर समोरचं एवढं तरी टिकेल, वाचाल, माणसं ओळखाल.

"यात तुमच्या घराचं चित्र साठलंय," मुलगी चकती हातात धरून म्हणाली. "नियमाप्रमाणे विचारते. पुसू?"

"हिची आई आहे त्यात," सुचेता म्हणाली. "हिला विचारा."

रेवा चकतीकडे बघत होती. "माझ्या डोक्याला लावली, तर मला दिसेल?"

"तुमची नजर शाबूत आहे ना? मग नाही, मॅडम. जिवंत नजरेत हिला जागाच नसते. नजर गेलेली असेल तिथेच ही भरते."

मग अगदी सहज, चौकशी करावी तशी रेवा म्हणाली, "मावशी, काचबिंदू घराण्यात उतरतो म्हणतात ना?"

सुचेताने मान वळवून तिच्याकडे पूर्ण बघितलं. पोरीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती असती तर बरं झालं असतं. तिथे आस होती, आणि ती आस सुचेताला आरशासारखी ओळखीची होती.

"पुसा," सुचेता म्हणाली.

"मावशी, थांब..."

"पुसा म्हणते ना! आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर." तिने ते शाळेतल्या आवाजात सांगितलं. मुलीने दचकून कळ दाबली.

रेवा महिनाभर कऱ्हाडला राहिली. मावशीच्या हातावर रोज सकाळी गोळी ठेवायची, आणि सुचेता तिला दर दोन दिवसांनी डोळे तपासून घे म्हणून छळायची. शेवटी तिने घेतले. दाब ठीक होता.

रेवा गेली त्या दुपारी सुचेता ताट घेऊन पडवीत बसली. आता अर्धं झालं की ती ताटच फिरवायची, डावा काठ उजवीकडे आणायची, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. फिरवल्यावर एक खडा निघाला, करडा, दाण्याएवढाच. तो चिमटीत धरून ती थांबली. चकती नव्हती, यंत्र नव्हतं, तरी डाव्या अंगाला, जिथे जग नव्हतं तिथे, कुणीतरी खाली मान घालून बसलंय असं तिला अगदी स्पष्ट वाटत होतं. बांगड्या वाजत नव्हत्या.

सुचेताने मान वळवली, खांदा वळवला, सगळी वळून खुर्चीकडे बघितलं. रिकामं वेत, त्यावर उन्हाचा तुकडा. तिने ते डोळे भरून बघून घेतलं.

"हरले गं अक्का," ती म्हणाली. "बस, चहा मीच टाकते."